एका भाषेपुरती जागा

पेणच्या बाजारपेठेत शिरीष टिपणीसांचं औषधांचं दुकान होतं, आणि त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे तिथे येणारी निम्मी माणसं गोळ्यांपेक्षा गप्पांनीच बरी व्हायची. शिरीषरावांना बोलायला आवडायचं. गिऱ्हाइकाच्या खोकल्यावरून सुरू झालेली गोष्ट त्याच्या मुलाचं लग्न, खाडीकाठच्या खारेपाटातला भात, गणपतीच्या मूर्तींना यंदा असलेली मागणी असं करत करत पुन्हा खोकल्यावर यायची. दुकान विकून ते मोकळे झाले तेव्हा नीलिमाताईंना वाटलं, आता हे सगळं बोलणं एकट्या आपल्या वाट्याला येणार. त्यांना ते चालणार होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता समुद्री शेवाळाचा अभ्यास करायला नॉर्वेला गेली आणि तिथलीच झाली. अगदी उत्तरेकडे सेन्या नावाचं डोंगराळ बेट आहे. तिथल्या ग्रुनवोग गावात ती नवरा योरान आणि मुलीबरोबर राहायची. मुलीचं नाव कागदावर इंग्रिद. ऋजुता फोनवर ‘इंग्री’ म्हणायची, ते आजी-आजोबांना लाडाचं नाव वाटायचं. त्या भाषेत या नावातला शेवटचा ‘द’ लिहितात पण उच्चारत नाहीत, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं. ऋजुता मुलीशी नॉर्वेजियनच बोलायची. मराठी पुढे शिकवीन, म्हणायची.

एका फेब्रुवारीत डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं चाललेली त्यांची गाडी घेऊन समुद्रात गेला. ऋजुता आणि योरान दोघंही गेले. इंग्री तेव्हा शाळेत होती. नुकतीच सहा वर्षांची झाली होती.

टिपणीस पतिपत्नी ग्रुनवोगला पोचली तेव्हा इंग्री शेजारी तूरीच्या घरी होती. तूरी ही योरानची आत्या, ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी, हात थरथरणारी बाई. तिनं नीलिमाताईंना दारातच मिठी मारली आणि इंग्रीला सांगितलं, ही तुझी मोरमोर. त्यांच्या भाषेत ‘मोर’ म्हणजे आई. आईची आई ती मोरमोर आणि आईचा बाप तो मोरफार. नीलिमाताईंना एवढ्या दुःखातही क्षणभर डोळ्यांपुढे दोन मोर दिसले, आणि त्या हसल्या. गाडी गेल्याचं कळल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

भाषेची अडचण अशी कोणालाच वाटत नव्हती. तोपर्यंत जगभर सगळ्यांच्या कानात शेंगदाण्याएवढं दुभाषी यंत्र आलं होतं. समोरचा बोलला की कानात आपली भाषा ऐकू यायची. लहान मुलांना मात्र ते यंत्र देत नसत. म्हणून इंग्रीशी बोलताना शिरीषराव कॉलरला एक बटण लावायचे आणि त्यातून नॉर्वेजियन आवाज यायचा. पण पोर त्यांच्या तोंडाकडे बघेना. कॉलरकडे बघून उत्तर द्यायची. मोरफारच्या आत दुसरा कोण माणूस बसलाय, असं तिनं तूरीला विचारलं, आणि मग हळूहळू उत्तर देणंच सोडलं.

एकदा धक्क्यावर ती पुढे पुढे चालली होती. कडेला पातळ बर्फ होता. शिरीषराव ओरडले, “इंग्री, तिकडे कडेला बर्फ आहे, पुढे जाऊ नकोस.” मराठीत नकार शेवटी येतो. ‘नकोस’ ऐकल्याशिवाय यंत्राला वाक्य कळेना, आणि कळेपर्यंत पोर पाण्यात पडली होती. होडी धुणाऱ्या एका कोळ्यानं तिला ओढून काढलं. तापावर निभावलं. 

अनाथ मुलांची व्यवस्था बघणाऱ्या तिथल्या कचेरीतून मारित नावाची बाई यायची. ती सौम्य होती, आणि तिचं म्हणणंही खोडून काढण्यासारखं नव्हतं. मुलीनं आई-बाप गमावले आहेत. घर, शाळा आणि भाषा तिला गमवायला लावू नये. म्हणून तिला भारतात नेता येणार नाही. इथे ठेवायची तर घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला तिच्याशी तिच्या भाषेत, बटणाशिवाय बोलता आलं पाहिजे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे झालं नाही तर दक्षिणेकडचं एक चांगलं कुटुंब तिला घ्यायला तयार होतं.

पासष्टीच्या माणसानं एवढ्या अवधीत नवी भाषा शिकायची कशी? शिरीषराव पुस्तक घेऊन बसले, पण नॉर्वेजियन त्यांच्या कानातून मनात उतरेना. त्या भाषेत शब्दांना चाल असते. शेतकऱ्यांना म्हणतात ‘बोन्नर’ आणि घेवड्यालाही ‘बोन्नर’. फरक फक्त सुराचा. तूरी दोन्ही शब्द आलटून पालटून म्हणायची आणि त्यांना दोन्ही वेळा एकच ऐकू यायचं.

तेव्हा मारितनंच ट्रॉम्सो शहरातल्या एका संशोधन केंद्राचा पत्ता दिला.

तिथल्या डॉक्टर हेगे लिंडाल यांनी चित्रं काढून समजावलं. लहान मूल कोणतीही भाषा खेळता खेळता उचलतं, कारण त्याच्या मेंदूतल्या पेशींचे जोड अजून मऊ असतात, हवे तसे वळतात. मूल दहा-बारा वर्षांचं होता होता या पेशींभोवती साखर आणि प्रथिनांच्या बारीक जाळ्या विणल्या जातात. जे शिकलं ते त्या जाळ्यांमुळे पक्कं होतं आणि नवं आत शिरणं कठीण होतं. म्हणून मोठेपणी शिकलेली भाषा अंगावरच्या कोटासारखी राहते. हेगेंच्या गटानं असं औषध शोधलं होतं, जे भाषेच्या भागातल्या तेवढ्याच जाळ्या काही महिने विरघळवतं. त्या काळात माणूस पुन्हा तीन वर्षांच्या मुलासारखा भाषा पितो. मग जाळ्या आपोआप परत विणल्या जातात आणि नवी भाषा कायमची पक्की होते.

शिरीषरावांनी औषधाची मात्रा विचारली, मूत्रपिंडावरचा परिणाम विचारला आणि सगळ्यात शेवटी विचारलं, की जाळी विरघळली तर आधीचं पक्कं झालेलंही सुटणार नाही का?

हेगेंनी ते नाकारलं नाही. परदेशी दत्तक गेलेली पाच-सहा वर्षांची मुलं वर्षभरात आपली पहिली भाषा साफ विसरतात, तसा धोका इथेही होता. पण तरुण माणसांना त्यांनी रोज तासभर आपल्या भाषेत बोलायला लावलं होतं, आणि त्यांच्या दोन्ही भाषा टिकल्या होत्या. इतक्या वयस्क माणसावर हा प्रयोग अजून झालेला नव्हता.

औषध पाठीच्या कण्यातून सुईनं द्यायचं होतं. नीलिमाताईंच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. त्यांना ती सुई चालणार नव्हती. म्हणजे शिरीषरावच.

सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. दिवसभर शिरीषराव तूरीच्या स्वयंपाकघरात बसायचे, तिच्याबरोबर बटाटे सोलायचे, दुपारनंतर इंग्री यायची. संध्याकाळचा एक तास मराठीचा. पण ट्रॉम्सोला तपासणी झाली तेव्हा हेगेंचा चेहरा उतरलेला होता. नॉर्वेजियन पुरेशी रुजत नव्हती. तरुण मेंदूत दोन भाषांना जागा होते. शिरीषरावांच्या वयाला ती होत नव्हती. संध्याकाळचा तास दिवसभराचं काम पुसून टाकत होता. जाळ्या परत विणल्या जायला थोडेच महिने राहिले होते, आणि हे औषध एकदाच देता येत होतं. दुसऱ्यांदा दिलं की जाळ्या नीट विणल्या जात नाहीत आणि माणूस कुठल्याच भाषेचा राहत नाही.

परतीच्या बोटीवर दोघं काचेशी बसली होती. बाहेर दुपारीच अंधार पडला होता. शिरीषराव म्हणाले, सोडून देऊ, इंग्री जाईल तिथे चांगली राहील, आपण भेटायला जात जाऊ. 

“मी बोलणं बंद करते,” नीलिमाताई म्हणाल्या.

“आणि मग तू बोलणार कोणाशी?”

“तुमच्याशी चाळीस वर्षं बोलले की. पोट भरलंय माझं.”

“नीलू, मला तुझं बोलणं कळेनासं झालं तर?”

“पोरीला परक्या घरी पाठवून तुमच्याशी काय बोलू मी? कशाबद्दल बोलू?”

बोट धक्क्याला लागेपर्यंत ती दोघं बोलत होती. काय बोलली ते महत्त्वाचं नव्हतं. भावजयीच्या गुडघ्याचं, पेणच्या घराला रंग लावायचं, असलंच. धक्क्यावर उतरताना नीलिमाताईंनी त्यांचा हात धरला आणि मग त्या गप्प झाल्या.

तो हिवाळा त्यांनी खुणांवर काढला. जेवण वाढलं की भांडं वाजवायचं, थंडी वाजत असेल तर शाल पुढे करायची. पेणहून फोन आला की त्या कोट चढवून बाहेर जायच्या, म्हणजे घरात मराठीचा एक शब्द पडायला नको. उणे दहात होड्यांच्या शेडमागे उभं राहून त्या भावजयीशी, उल्काशी बोलायच्या. शिरीषराव खिडकीतून बघत. तोंडातून वाफ निघताना दिसायची, शब्द ऐकू यायचे नाहीत.

आणि भाषा आली. आधी चाल आली. एके सकाळी तूरी ‘बोन्नर’ म्हणाली आणि त्यांना शेतात उभी असलेली माणसं दिसली, घेवडा नाही. मग वाक्यं आपोआप तोंडात येऊ लागली. दिवस आणि रात्र मिळून होणाऱ्या अख्ख्या दिवसाला त्या भाषेत ‘दोइन’ असा एकच शब्द आहे. महिनोन्‌महिने अंधार, महिनोन्‌महिने उजेड असणाऱ्या त्या मुलखात तो किती कामाचा आहे, हे कोणी न सांगता त्यांना समजलं. नॉर्वेत खोऱ्याखोऱ्याला बोली वेगळी, आणि ते तूरीकडून शिकलेले, त्यामुळे ते अस्सल सेन्याची बोली बोलू लागले. ‘मी’ला पुस्तकात ‘याय’ असतं, तिथली माणसं नुसतं ‘ॲ’ म्हणतात. शिरीषरावही ‘ॲ’ म्हणायचे. फोनवर ऐकणाऱ्याला तो कोणी म्हातारा दर्यावर्दी वाटला असता.

इंग्री आता त्यांच्या तोंडाकडे बघायची. एकदा बघायला लागली ती थांबेचना. शाळेतलं, स्वप्नातलं, आईच्या केसांच्या वासाबद्दलचं, बापाच्या बोटीबद्दलचं, इतके महिने साठवलेलं सगळं तिनं मोरफारच्या मांडीवर रिकामं केलं. पुढच्या उन्हाळ्यात मारित आली, तासभर त्या दोघांचं बोलणं ऐकत बसली, आणि कोर्टानं मुलगी आजी-आजोबांकडे दिली.

त्यानंतर लगेच हेगेंनी कळवलं की जाळ्या पूर्ण विणल्या गेल्या आहेत. आता घरात कोणतीही भाषा बोलायला हरकत नाही. नीलिमाताईंनी त्या दिवशी आमटी केली, भात केला, इंग्रीला तूरीकडे पाठवलं. नवऱ्याच्या समोर बसल्या.

“अहो, बोला आता,” त्या म्हणाल्या. “किती काय काय सांगायचं राहिलंय.”

आणि त्या सांगत सुटल्या. प्रमोदभावजींच्या मुलाचं ठरलं, उल्काचं ऑपरेशन झालं, मला धक्क्यावर एक बाई भेटते ती माशांचे तुकडे आणून देते. शिरीषराव लक्ष देऊन ऐकत होते. दुकानात कधी परप्रांतातला ट्रकवाला यायचा आणि त्याचं बोलणं समजायचं नाही, तेव्हा चेहऱ्यावर येणारं ते अदबीचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं. नीलिमाताईंना ते ओळखीचं होतं. त्या बोलता बोलता थांबल्या. ‘पेण’ एवढा शब्द शिरीषरावांना कळला होता, आणि ‘प्रमोद’. त्यांनी तेवढेच दोन शब्द परत म्हणून दाखवले, ‘पेण’मधला ‘ण’ चुकवून.

मग त्या घरात दुभाषी यंत्र पुन्हा कानात गेलं, या वेळी नवरा-बायकोच्या. आठवणी सगळ्या शाबूत होत्या. लग्न, दुकान, ऋजुताचा जन्म, सगळं शिरीषरावांना दिसायचं. पण त्यातली माणसं बोलायची ती नॉर्वेजियनमध्ये, किंवा नुसते ओठ हलवायची. यंत्राचंही एक दुखणं होतं. नॉर्वेजियनमध्ये आता सगळे एकमेकांना ‘दू’ म्हणतात, राजापासून पोरापर्यंत. शिरीषराव बायकोला ‘दू’ म्हणायचे आणि म्हाताऱ्या बाईशी बोलणं आहे असं बघून यंत्र त्याचं ‘तुम्ही’ करायचं. तुम्ही जेवलात का, तुमची गोळी घेतलीत का. चाळीस वर्षं ‘अगं’ आणि ‘तू’ ऐकलेल्या बाईला तिचाच नवरा पाहुण्यासारखा विचारायचा. तूरीनं ते यंत्र दुरुस्त करून आणलं. मग ते ‘तू’ म्हणू लागलं. पण तो ‘तू’ एका परक्या माणसाच्या आवाजातला होता, आणि त्या दिवशी नीलिमाताईंनी यंत्र काढून खूप वेळ फडताळात ठेवून दिलं. नीलिमाताईंच्या ‘अहो’चं यंत्र ‘ऐका’ करायचं. मोरमोर प्रत्येक गोष्टीआधी ‘ऐका’ का म्हणते, असं एकदा शिरीषरावांनी इंग्रीला विचारलं.

“ती ऐका नाही म्हणत,” इंग्री म्हणाली. “ती तुला हाक मारते.”

त्यांना नवल वाटलं. इंग्रीला हे कसं माहीत?

ते कळलं पुढच्या हिवाळ्यात. इंग्रीला आईचं लहानपण बघायचं होतं, म्हणून त्यांनी जुनी चित्रफीत लावली. चार वर्षांची ऋजुता दुकानाच्या काउंटरवर बसून काहीतरी सांगत होती आणि समोर काळ्या केसांचा शिरीष टिपणीस तिला उलट प्रश्न विचारत होता. मुलगी खिदळत होती. म्हाताऱ्या शिरीषरावांनी ती फीत दोनदा बघितली. त्यांना आपल्या मुलीचा एक शब्द कळत नव्हता. आपला स्वतःचाही कळत नव्हता. ते यंत्र शोधायला उठले तेव्हा इंग्री पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, “मम्मा म्हणतेय की गोड गोळ्या सगळ्या मला दे आणि कडू गोळ्या लोकांना. आणि तू म्हणतोयस, मग लोक मला मारतील.”

मराठीवरची बंदी उठल्यावरही नीलिमाताईंना घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून त्या वेणी घालताना, पोळ्या लाटताना इंग्रीशी मराठी बोलत राहिल्या होत्या. शिकवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण पोर लहान होती. तिला कसल्या औषधाची गरज नव्हती.

तेव्हापासून आजी-आजोबांमधली दुभाषी ती झाली. जेवताना एका बाजूचं ऐकून दुसऱ्या बाजूला द्यायची, भांडण असलं तर त्यातले कडू शब्द गाळून द्यायची. शिरीषरावांनी तिच्याकडून थोडं मराठी शिकायचा प्रयत्न केला. जमलं तेवढं बोलायचे, पण त्यावर सेन्याच्या बोलीची चाल चढायची, आणि नीलिमाताई हसता हसता उठून आत जायच्या.

इंग्री अकरा वर्षांची असताना नीलिमाताईंची झडप पुन्हा बिघडली. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात आता फार काही करण्यासारखं नव्हतं. एका दुपारी त्यांनी इंग्रीला तूरीबरोबर खाली वॅफल खायला पाठवलं. मग हात लांब करून नवऱ्याच्या कानातलं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. शिरीषराव ते परत घ्यायला गेले, तर त्यांनी मान हलवली.

त्या मराठीत बोलू लागल्या. सावकाश, मध्ये दम घेत, पुष्कळ वेळ. एकदा त्या हसल्या. एकदा काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेल्या. शिरीषराव त्यांचा हात धरून बसले होते. त्यांना ‘ऋजुता’ कळलं, ‘अहो’ कळलं, बाकीचा नुसता आवाज. इंग्री वर आली तोवर त्या थकून झोपल्या होत्या. त्या झोपेतून त्या उठल्या नाहीत. त्या दुपारी त्या काय बोलल्या ते जगात कोणालाच माहीत नाही.

अस्थी घेऊन शिरीषराव आणि इंग्री पेणला आले. घर भरलं होतं. जुनी गिऱ्हाइकं येऊन त्यांच्यासमोर बसत, नीलिमाताईंबद्दल सांगत, रडत. शिरीषरावांनी यंत्र घरी ग्रुनवोगलाच ठेवलं होतं. त्यांना ते कानात घालवेना. इंग्री शेजारी बसून सगळं सांगायची आणि त्यांचं उत्तर मराठीत करून द्यायची. तिची मराठी थेट नीलिमाताईंची होती, तेच हेल, तेच शब्द. उल्काताईंना ती ऐकवेना. ज्या बाजारपेठेत शिरीषरावांनी उभी हयात घालवली तिथून ते नातीचं बोट धरून चालत, आणि पाट्यांवरची अक्षरं त्यांना अनोळखी चित्रांसारखी दिसत.

निघायच्या दिवशी गाडी दाराशी आली. इंग्रीनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “आम्ही जातो.”

“जातो म्हणू नये गं,” उल्काताईंनी तिचा गाल कुरवाळला. “येतो म्हणावं.”

इंग्रीला हे नवीन होतं. आजीपासून दूर जायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. तिनं आजोबांकडे वळून नॉर्वेजियनमध्ये सांगितलं, की या भाषेत निघताना मी जातो असं म्हणत नाहीत, मी येतो असं म्हणतात.

शिरीषराव गाडीचं दार धरून उभे राहिले. त्यांनी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते काहीतरी म्हणाले.

“काय म्हणतोय दादा?” त्यांच्या धाकट्या भावानं, प्रमोदनं विचारलं.

इंग्रीला सांगावंसं वाटेना. पण सगळे तिच्याकडे बघत होते.

“ते म्हणतात, किती सुंदर आहे हे,” ती म्हणाली. “आणि विचारतायत की कुठले आहेत हे लोक, ज्यांनी असं बोलायचं ठरवलं.”